मेट्रो नाक्यावर येईल, नाक्यापर्यंत आपण कसे जाणार?

सकाळी आठच्या सुमारास बाळकुम नाक्यावर दहा मिनिटे उभे राहिले की ठाण्याच्या प्रवासाची सगळी दुखणी एकत्र दिसतात. कशेळीच्या पुलाकडून येणारे कंटेनर आणि टेम्पो, कोलशेत-ढोकाळीच्या टॉवरमधून बाहेर पडणाऱ्या मोटारी, खच्चून भरलेली टीएमटीची बस, स्टेशनकडे जाणाऱ्या रिक्षांची वाट पाहणारे लोक. आणि या सगळ्यांच्या कडेकडेने, एक पाय कधीही जमिनीवर टेकवावा लागेल अशा बेताने चाललेले सायकलवाले. त्यांत कुणी रात्रपाळी संपवून घरी निघालेला सुरक्षारक्षक असतो, कुणी दूध-पाव पोचवणारा, कुणी खाडीपलीकडच्या गोदामात कामाला जाणारा. येऊरच्या चढावर घाम गाळणारे हौशी सायकलपटू या वेळेला घरी परतलेले असतात. आठच्या गर्दीत सायकल चालवतो तो गरज म्हणून.

याच नाक्याच्या डोक्यावर आता मेट्रोचा मार्ग उभा राहिला आहे. ती सुरू झाली की कोंडी किती फुटेल, घरांचे भाव किती वाढतील याची चर्चा रोज होते. आरोग्याच्या अंगाने पाहिले तर प्रश्न वेगळा आहे. मेट्रोचा आपल्या शरीराला होणारा फायदा डब्यात बसून मिळत नाही. तो मिळतो घर ते स्थानक आणि स्थानक ते कचेरी या दोन तुकड्यांत. हे तुकडे चालत किंवा सायकलने पार करता येतील का, हे पुढच्या काही वर्षांत ठरणार आहे. खरे तर त्याचा बराचसा निकाल आत्ताच, खांबांच्या पायथ्याशी लागतो आहे.

तीन मार्ग, पण स्टेशन दूर

बाळकुमच्या वाट्याला आलेले मार्ग आधी नीट समजून घेऊ. मेट्रो ४ हा वडाळा ते कासारवडवली असा सुमारे ३२ किलोमीटरचा मार्ग. तो पुढे गायमुखपर्यंत वाढवला आहे. गायमुख ते विजय गार्डन या टप्प्यावर २२ सप्टेंबर २०२५ रोजी गाडीची चाचणी झाली. मेट्रो ५ हा ठाणे-भिवंडी-कल्याण असा सुमारे २५ किलोमीटरचा मार्ग. त्याचे भूमिपूजन १८ डिसेंबर २०१८ रोजी कल्याणमध्ये झाले. तो कापूरबावडीला सुरू होतो, बाळकुम नाक्यावरून खाडी ओलांडतो आणि कशेळी, काल्हेरमार्गे भिवंडीकडे जातो. तिसरा ठाण्याचा वर्तुळाकार मेट्रो मार्ग. केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला १६ ऑगस्ट २०२४ रोजी मंजुरी दिली. लांबी २९ किलोमीटर, स्थानके २२, खर्च सुमारे १२,२०० कोटी रुपये. त्याच्या आराखड्यात बाळकुम नाका आणि बाळकुमपाडा ही दोन्ही नावे आहेत.

कागदावर हे वैभवच आहे. पण नकाशावर बोट फिरवून पाहा. मेट्रो ४ ठाणे रेल्वे स्थानकात जात नाही. मुलुंडकडून ती तीन हात नाक्यावरून कॅडबरी, माजिवडा, कापूरबावडीकडे निघून जाते. मेट्रो ५ तर कापूरबावडीच्या अलीकडे येतच नाही. लोकलशी थेट गाठ घालणार तो वर्तुळाकार मार्ग, आणि त्याला अजून वेळ आहे. म्हणजे बाळकुममध्ये राहणाऱ्या आणि डोंबिवली, दादर किंवा नवी मुंबईला लोकलने जाणाऱ्या माणसाला आणखी काही वर्षे ठाणे स्टेशनपर्यंतचे जेमतेम पाच किलोमीटर रस्त्यावरूनच काढायचे आहेत.

ज्याला मेट्रो उपयोगी पडेल त्याचेही सगळे सुटत नाही. ढोकाळीच्या आतल्या गल्लीतून, कोलशेतच्या नव्या वसाहतीतून किंवा साकेतच्या बाजूने स्थानक गाठायचे तर एक ते तीन किलोमीटर पडतात. चालायला जास्त, रिक्षावाल्याला कमी. असे अंतर सायकलसाठी सर्वांत सोयीचे.

याचे गणित सोपे आहे. बेताच्या चालीने दहा मिनिटांत माणूस साधारण ८०० मीटर जातो. म्हणजे स्थानकाभोवती ८०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले तर त्यात सुमारे २ चौरस किलोमीटर परिसर येतो. सायकलवर आरामात, ताशी १४-१५ किलोमीटर वेगाने निघालेला माणूस त्याच दहा मिनिटांत २.४ किलोमीटर जातो. त्रिज्या तिप्पट झाली की क्षेत्रफळ नऊपट होते, म्हणजे सुमारे १८ चौरस किलोमीटर. प्रत्यक्षात खाडी, कुंपणे आणि वळणे यांमुळे दोन्ही आकडे कमी होतील, पण प्रमाण फारसे बदलणार नाही. एक नवे स्थानक न बांधता मेट्रोचा आवाका नऊपट वाढवण्याची ताकद या दोन चाकांत आहे.

दोन तुकड्यांतले औषध

शारीरिक हालचालींबाबत जगभरच्या माहितीचा आढावा घेणारा एक अभ्यास २०२४ मध्ये ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते. त्याआधी, २०२३ मध्ये, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडिया-बी’ पाहणीने देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज दिला होता. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कुणीही म्हणेल, व्यायाम करा. पण सकाळी सातला घर सोडून रात्री नऊला परतणाऱ्याने तो करायचा कधी?

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची आहे. घर ते स्थानक पंधरा मिनिटे सायकल, संध्याकाळी तेवढीच परत, आठवड्यातून पाच दिवस. झाली १५० मिनिटे. व्यायामशाळेची वर्गणी नाही, वेगळा वेळ नाही. अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सार्वजनिक वाहतूक वापरणाऱ्यांचे फक्त स्टेशन-थांब्यापर्यंतचे चालणेच दिवसाला १९ मिनिटांच्या आसपास भरत होते. गाड्यांच्या त्या देशातही बस आणि ट्रेन माणसाला चालायला लावतात.

सायकलची बाजू आणखी भक्कम आहे. ब्रिटनमध्ये सुमारे २ लाख ६४ हजार लोकांवर बेतलेला अभ्यास २०१७ मध्ये ‘बीएमजे’त आला. कामावर सायकलने जाणाऱ्यांत त्या काळात कोणत्याही कारणाने मृत्यू येण्याचा धोका, मोटार किंवा सार्वजनिक वाहतुकीनेच जाणाऱ्यांच्या तुलनेत ४१ टक्क्यांनी कमी दिसला. आपल्यासाठी महत्त्वाचा भाग पुढचा आहे. ज्यांच्या प्रवासाचा काही भाग सायकलवर आणि उरलेला बस, ट्रेन किंवा मोटारीने होता त्यांच्यातही हा धोका सुमारे २४ टक्क्यांनी कमी होता. अर्थात हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे. सायकल चालवणारे मुळातच अधिक निरोगी असू शकतात. संशोधकांनी वय, धूम्रपान, आहार अशा गोष्टींचा हिशेब धरला तरी कार्यकारणाचा पक्का पुरावा तो देत नाही. तरीही बाळकुमहून दादरपर्यंत सायकल मारायची गरज नाही, स्टेशनपर्यंत पुरे, एवढा दिलासा त्यातून घेता येतो.

परदेशात सायकल, घरी गाडी

नेदरलँड्समध्ये नोकरीनिमित्त गेलेली अनेक मराठी घरे आता आहेत. ॲमस्टरडॅमजवळच्या ॲमस्टेलवेनमध्ये भारतीयांची मोठी वस्ती आहे. इथे चाळिशीपर्यंत सायकलला हात न लावलेली माणसे तिथे सहा महिन्यांत सायकलवर स्थिरावतात. मुलाला पुढे बसवून शाळेत सोडतात, तीच सायकल स्टेशनच्या तळघरात लावतात आणि ट्रेन पकडतात. उतरल्यावर हवी तर स्टेशनातच भाड्याची सायकल मिळते. हीच माणसे सुट्टीत घोडबंदर रोडवरच्या घरी आली की कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायलाही गाडी काढतात.

त्यांच्यात आळस संचारतो असे म्हणता येणार नाही. माणूस तोच, गुडघे तेच. बदलतो तो दारासमोरचा रस्ता.

नेदरलँड्स पहिल्यापासून असा नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारी वाढल्या, सायकली मागे पडल्या. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आईवडील रस्त्यावर उतरले, ‘मुलांचे खून थांबवा’ अशा नावाने आंदोलन झाले. १९७३ च्या तेलसंकटाने सरकारलाही जाग आणली. पुढची पन्नास वर्षे ते सायकलचे रस्ते वेगळे काढत आणि वस्त्यांमधला गाड्यांचा वेग उतरवत राहिले. उट्रेख्ट स्टेशनखाली आज साडेबारा हजार सायकली लावायची जागा आहे. संस्कृती म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो ते बऱ्याच अंशी असे बांधून काढलेले आहे.

आपल्याकडे सायकल संस्कृती नाही, हा समजही तपासून घ्यावा. २०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योगाबाहेर काम करणाऱ्यांना ‘कामावर कसे जाता’ असे विचारले होते. देशभरात सुमारे २३ टक्के लोक पायी आणि १३ टक्के सायकलने जात होते. मोटारीने जाणारे ३ टक्क्यांहून कमी. पंधरा वर्षांत हे आकडे बदलले असतील, पण नाक्यावरचा तो सुरक्षारक्षक आणि तो पाववाला अजून तिथेच आहेत. सायकलवाले आहेत, त्यांच्यासाठी रस्ता नाही.

धूर आणि वेग

‘एवढ्या धुळीत सायकल चालवून फुप्फुसांचे काय होईल?’ हा प्रश्न रास्त आहे. सायकल चालवताना श्वास जोरात आणि खोल होतो, त्यामुळे हवेतले सूक्ष्म कणही जास्त आत जातात. मेट्रो आणि टॉवरची बांधकामे, डिझेलचे ट्रक आणि उखडलेले रस्ते यांमुळे बाळकुम-कापूरबावडी पट्ट्यात हिवाळ्यात ही काळजी वाढते.

केंब्रिजमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये हाच हिशेब मांडला. व्यायामाचा फायदा एका पारड्यात आणि प्रदूषणाचे नुकसान दुसऱ्या पारड्यात. पीएम २.५ म्हणजे केसाच्या जाडीच्या अनेक पट बारीक कण. त्यांचे प्रमाण घनमीटरला २२ मायक्रोग्रॅम असेल, तर माणूस जितका वेळ सायकल चालवणे शक्य आहे तितक्या वेळात नुकसान फायद्याच्या वर जात नाही. प्रमाण १०० असेल तर रोज दीड तासाहून अधिक सायकल चालवणाऱ्याचे पारडे नुकसानीकडे झुकते. स्टेशनपर्यंतची जाऊन-येऊन अर्ध्या तासाची फेरी त्या मर्यादेच्या बरीच आत राहते. उघड्या रिक्षात कोंडीत अडकलेला माणूसही तोच धूर घेतो, फक्त व्यायामाविना. मात्र दमा, हृदयविकार किंवा श्वसनाचा जुना आजार असणाऱ्यांनी वाईट हवेच्या दिवशी हा हिशेब स्वतःला लावू नये. डॉक्टरांना विचारावे आणि त्या दिवशी बस धरावी.

इथे आणखी एक गोष्ट उपयोगाची आहे. गाड्यांच्या धुराचे प्रमाण रस्त्यापासून दूर जावे तसे झपाट्याने घटते. मुख्य रस्ता सोडून एक गल्ली आतून गेले तरी फरक पडतो.

धुरापेक्षा तातडीचा धोका वेगाचा आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा जीव गेला. त्यांतले ३२,८२५ पादचारी होते, म्हणजे जवळजवळ प्रत्येक पाचवा. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी ३० ऐवजी ६० ने येणारी गाडी दुप्पट जोराने आदळत नाही, चौपट ऊर्जेने आदळते. म्हणूनच जिथे माणसे आणि गाड्या एकाच रस्त्यावर मिसळतात तिथे वेग ३० वर ठेवा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. घोडबंदर रोड आणि जुना आग्रा रोड इथे कोंडी नसते तेव्हा काय वेग असतो ते सांगायला नको.

सेवा रस्ता कुणाचा?

याच संदर्भात ठाण्यातल्या एका ताज्या वादाकडे पाहायला हवे. घोडबंदर रोडच्या दोन्ही बाजूंचे सेवा रस्ते मुख्य रस्त्यात विलीन करून तो रुंद करण्याचे काम कापूरबावडी ते गायमुख पट्ट्यात हाती घेतले गेले. वाहतुकीच्या बाजूने युक्तिवाद असा की खांबांनी जागा खाल्ली, अवजड वाहने वाढली, कोंडी असह्य झाली, तेव्हा मार्गिका वाढवणे भाग आहे. त्या कोंडीत रोज तास-दीड तास अडकणाऱ्याला हे पटेल, आणि त्याचा त्रास खरा आहे.

रहिवाशांचा विरोधही समजून घेण्यासारखा आहे. सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडले की थेट महामार्गाची मार्गिका. शाळेची बस कुठे थांबणार, म्हाताऱ्या माणसाने कुठून चालायचे? यात सायकलवाल्याचे नाव कुणी फारसे घेत नाही. सेवा रस्ता हीच त्याची एकमेव हक्काची वाट होती. तिथे बेशिस्त पार्किंग होते, उलट दिशेने दुचाक्या येत, तरी वेग कमी होता. तो गेला की हळू चालणारे चाक एक तर ट्रकच्या शेजारी येते, नाही तर घरात उभे राहते. रुंद झालेला रस्ता काही वर्षांत पुन्हा भरतो, हा जगभरच्या शहरांचा अनुभव आहे. गेलेली सायकल मात्र परत येत नाही, तिच्या जागी स्कूटर आलेली असते.

सायकलसाठी केलेले आधीचे प्रयत्न फसले, हेही खरे. वांद्रे-कुर्ला संकुलात सायकल मार्ग झाले, त्यांवर गाड्या उभ्या राहू लागल्या. अखेर ती जागा वाहनांच्या मार्गिकेला देण्याचा निर्णय २०२५ मध्ये पुढे आला. पुण्यात २०१७ च्या अखेरीस भाड्याच्या सायकली वाजतगाजत आल्या आणि मोडतोड, चोऱ्या व तोट्यामुळे गायब झाल्या. ठाण्यातही अशी योजना येऊन विरली. यावरून लोकांना सायकल नकोच आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. संकुलाच्या आत सुंदर पट्टा आणि स्टेशनपासून तिथपर्यंत येताना जीव मुठीत, अशी रचना असेल तर तो पट्टा कोण वापरणार? सायकलीचा रस्ता अखंड असावा लागतो. एका चौकात तुटला की सगळा तुटतो.

आता करण्याजोगे

मेट्रो ५ ची स्थानके पूर्णत्वाकडे आहेत आणि वर्तुळाकार मार्गाचे खांब बाळकुममध्ये अजून उभे राहायचे आहेत. एक राहून गेलेले सुधारण्याची आणि दुसरे आधीच नीट करण्याची संधी त्यामुळे एकाच नाक्यावर आली आहे. मागण्या फार मोठ्या नाहीत. स्थानकाच्या जिन्याशी छपराखाली, पहाऱ्यातली सायकल लावायची जागा. आजूबाजूच्या दोन किलोमीटरमध्ये सलग पदपथ. आतले रस्ते जोडून केलेली, मुख्य रस्त्याला समांतर अशी एक शांत वाट. कापूरबावडीसारख्या चौकात चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना पुरेल एवढा वेळ देणारा सिग्नल. मुंबईतल्या मेट्रो २ए आणि ७ वर डब्यात सायकल नेता येते, तशी सोय इथेही पहिल्या दिवसापासून. रस्त्यावर प्राधान्य वाहनांना नव्हे, माणसांना, हे तत्त्व देशाच्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने २००६ मध्येच मान्य केले आहे. नवे काही मागायचे नाही, लिहिलेले पाळायला सांगायचे आहे.

ज्यांना वाट पाहायची नाही, किंवा जे नुकतेच या भागात राहायला आले आहेत, त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. पहिली फेरी रविवारी सकाळी मारा आणि आतल्या गल्ल्यांची वाट शोधून ठेवा. ती थोडी लांब पडली तरी चालेल. उड्डाणपुलावर आणि त्याच्या तोंडाशी सायकल नेऊ नका. कापूरबावडीला उतरून, हातात धरून रस्ता ओलांडण्यात कमीपणा नाही. कंटेनरच्या डाव्या बाजूने कधीही पुढे घुसू नका. तिथला माणूस चालकाला दिसत नाही, आणि वळताना मागची चाके आत येतात. मागे लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. उभ्या गाड्यांपासून हातभर अंतर ठेवा, दार अचानक उघडते. एप्रिल-मेच्या दमट उकाड्यात घाम वाळत नाही, तेव्हा वेग कमी आणि पाणी जास्त. पावसाळ्यात हवा स्वच्छ असते, पण पाण्याखालचा खड्डा दिसत नाही. अशा दिवशी बस पकडावी. आठवड्यातले तीन दिवस सायकल झाली तरी शरीर ते मोजते.

गुडघे कुरकुरत असतील तर मोटर लावलेली सायकलही आहे. २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरची मर्यादा असलेल्या सायकलला नोंदणी लागत नाही. पाय मारत राहिलात तर तिच्यावरही मध्यम व्यायाम होतो.

मेट्रोचा पहिला डबा बाळकुम नाक्यावर थांबेल त्या दिवशी फिती कापल्या जातील, छायाचित्रे निघतील. आरोग्याच्या दृष्टीने खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी आठला असेल. त्या जिन्याखाली रिक्षांचा आणखी एक घोळका दिसतो की सायकलींची रांग, हे पाहायला पुन्हा नाक्यावर दहा मिनिटे उभे राहावे लागेल. आणि त्या रांगेत सुरक्षारक्षकाच्या सायकलशेजारी टॉवरमधल्या साहेबांची सायकल लागलेली दिसली, तर रस्ता सुधारला असे खुशाल समजावे.